माझ्या रक्ताला चालणं मानवत नाही

६ जानेवारी, सोमवार

गेल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती. ती सोडवून, दोरा घालून शिवली. त्यातच ही रोजनिशी. देवाने दिलेला कागद टाकवत नाही.

दवाखान्यातून आल्यापासून तोंडाची चव गेली आहे. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.९. आमचे डॉक्टर नाकातून बोलतात, त्यामुळे वाईट बातमी आणखी ओलसर वाटते. म्हणाले, बाई, गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत. शेवटचे तीन महिने देतो. रोज चाला, तोंडावर ताबा ठेवा. एकतीस मार्चला पुन्हा रक्त घेऊ. साडेसातच्या खाली आलं नाही, तर इन्शुलिनची सुई. रोजची.

सुई मला कोणी सांगायला नको. आईला शेवटची चार वर्षं मीच टोचत होते. पोटाची चिमूट धरायची, ती तोंड भिंतीकडे फिरवायची. तोवर तिला दिसेनासं झालं होतं, तरी फिरवायची. तिच्या पोटावरचे ते निळे-हिरवे डाग! मला ते नको. बस्स.

निश्चय: उद्यापासून एक तास चालणे. साखर बंद. देवाला साक्षी ठेवून लिहिलं आहे.

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७

बागेत जाऊन आले. शी, शी, शी!

फरशीवर थुंकी. हिरवळीवर कुत्र्यांनी केलेलं. बाकावर कोणाचा तरी एकच ओला मोजा. माझ्यापुढे चालणारा गृहस्थ दर चार पावलांनी नाक शिंकरत होता, आणि वारा माझ्या बाजूला. एक फेरी पुरी केली आणि परत आले. स्वच्छ ठेवलेलं शरीर असल्या ठिकाणी फिरवणं देवालाही आवडणार नाही.

बिनसाखरेचा चहा प्याले. भांडी विसळलेलं पाणी तापवलं तर असंच लागेल. ह्यांच्या कपात तळाशी दोन घोट राहिले होते, दोन चमचे साखरेचे. मोरीत ओतवेना. प्याले.

नियम लिहून ठेवते, पुढे घोळ नको. वहीत दोन बाजू. डावीकडे जमा, म्हणजे चाललेलं. उजवीकडे खर्च, म्हणजे खाल्लेलं. माझ्यासाठी घेतलेलं असेल ते माझं. दुसऱ्यासाठी वाढलेलं उरलं आणि मी ते वाया जाऊ दिलं नाही, तर ते खाणं नव्हे, आवराआवर आहे. ज्याच्या ताटातलं, त्याच्या खात्यावर. पस्तीस वर्षं या घराचा हिशेब ठेवते आहे, अजून एकदाही ताळा चुकलेला नाही.

आजचा जमा: एक फेरी. खर्च: बिनसाखरेचा चहा. खर्च किती कमी!

११ जानेवारी, शनिवार

धाकटी आली होती. माझी बहीण. तिलाही तेच दुखणं, तेच डॉक्टर, आकडा ८.७. पायात नारिंगी बूट. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पायात नारिंगी बूट पाहून मला मळमळलं. रोज दीड तास चालते म्हणे. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून कच्ची काकडी कचाकचा चावत होती, आणि तो आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता.

म्हणाली, ताई, चल ना माझ्याबरोबर. दोघी असलो की वेळ जातो.
मी म्हटलं, तुझा जातो. माझा वेळ कामाचा असतो.
म्हणाली, आईचं विसरलीस?
मी म्हटलं, आईला सुई तू टोचत नव्हतीस.
मग काकडी गप्प झाली.

तिने डब्यातला केकचा तुकडा अर्धा टाकला. अर्धा तिच्या खात्यावर.

१२ जानेवारी, रविवार

ह्यांच्याकडे बघून वीट आला. पोट पुढे, चालणं म्हणजे खुर्चीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत. भातावर भात, चहात दोन-दोन चमचे, जेवल्यावर काहीतरी गोड. आणि रक्तातली साखर कशी, तर अगदी शहाण्या मुलासारखी. मी विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटत? हे म्हणाले, माझे वडील नव्वदीत मुरांबा खायचे, मी काय करू? आणि ढेकर दिली. वासही आला.

१६ जानेवारी, गुरुवार

देव पाठीशी आहे. आज मला कळलं!

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर संशोधन चालू आहे. मधुमेहाच्या लोकांनी व्यायाम केला की साखर उतरते, पण सगळ्यांची सारखी उतरत नाही. कोणाची धाडकन, कोणाची ढिम्म. असं का, ते बघतात. आईवडिलांकडून जी जनुकं येतात त्यांचाही त्यात हात असतो, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर शिड्या काढून समजावलं. एकच गोळी दोघांना सारखी लागू पडत नाही, तसंच चालण्याचं.

मला तर वीज चमकल्यासारखं झालं. म्हणजे चालणं सगळ्यांना मानवतच असं नाही! मी एक फेरी मारली त्या दिवशी दिवसभर पाय दुखले, त्याचं कारण हे होतं तर.

डॉक्टरीणबाई पुढेही पुष्कळ बोलल्या. जनुकांचा फक्त कल असतो, बाकी आपल्या हातात, असं काहीतरी. तोपर्यंत मी नाव नोंदवायला रांगेत उभी होते. फुकट आहे सगळं. रक्त, तपासणी, जनुकांचा रिपोर्ट, शिवाय मनगटावर बांधायचा पट्टा. धाकटीनेही नाव घातलं. माझ्या मागोमाग. लहानपणापासून हेच.

१७ जानेवारी, शुक्रवार

आजच्या दिवसाबद्दल लिहू नये असं वाटतं. पण हिशेब म्हणजे हिशेब.

जनुकं थुंकीत असतात. हे मला काल कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी हातात नळी दिली आणि म्हणाल्या, काकू, या रेघेपर्यंत थुंकायचं. फेस धरायचा नाही, फेस खाली बसला की मग मोजायचं. खोलीत आम्ही नऊजण. नऊजण भिंतीकडे तोंड करून थुंकतोय. तो आवाज! एक म्हातारबाबा खाकरून खाकरून भरत होते. मला तर उमासे यायला लागले, आणि उमासा आला की तोंड कोरडं पडतं. चाळीस मिनिटं लागली. शेवटी नळीवाल्या बाई म्हणाल्या, काकू, लिंबाचा विचार करा. मी लिंबाचा केला, तर शेजारच्या बाबांच्या नळीत नजर गेली आणि पुन्हा सगळं कोरडं.

धाकटीची नळी दोन मिनिटांत भरली. तिला लाज म्हणून नाहीच.

पट्टा मिळाला. पावलं मोजतो, नाडी मोजतो. नळीवाल्या बाई म्हणाल्या, डाव्या हातात बांधा, काकू, ज्या हाताने काम करत नाही त्या. पण डाव्या हातात माझं घड्याळ आहे. एकोणतीस वर्षांचं, एक मिनिट मागे पडत नाही. चालतं घड्याळ काढून नुसतं ठेवायचं कशाला? पट्टा उजव्या हातात बांधला. हात तर हात.

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ८

चमत्कार लिहून ठेवते.

पाचला उठले. आंघोळ, मग जपाला बसले. एक मणी, मांडीवर एक थाप, अशी मला आईने लावलेली सवय. थाप पडली की नाव पोचतं, असं ती म्हणायची. रोजच्या माळा झाल्या, पट्टा बघते तर २,३१० पावलं!

मी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, बिघडला. मग नीट विचार केला. आंघोळीला गेले, आले, दिवा लावायला उठले. यंत्र काही आपल्या मनाने लिहीत नाही. पावलं झाली असतील तेव्हाच लिहिलं. आपल्यालाच आपल्या कष्टांची किंमत नसते.

जमा: २,३१०.

२४ जानेवारी, शुक्रवार

पट्टा आल्यापासून रोज आठ हजारांच्या वर. कणीक मळताना, भांडी घासताना, किसणीवर गाजर किसताना सुद्धा वाढतात. घरकामात किती चालणं असतं हे आजवर एकाही पुरुषाने मोजलं नव्हतं. आता यंत्राने दाखवून दिलं. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, अगं, तू गाजर किसत चालतेस कुठे? मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

बागेत जाणं सोडलं. ती घाण बघून मन कलुषित होतं. तो वेळ जपाला दिला.

धाकटीला फोन. तिची काल सात हजार झाली. माझी नऊ हजार चारशे. मी काही बोलले नाही. फक्त दोनदा सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थना मंडळात भजनाला गेले. दोन तास टाळ्या. घरी येऊन बघते, १४,८८०! गाताना अंगात वेगळीच शक्ती येते म्हणतात ते खोटं नाही.

शेवटी गोड वाटलं. देवापुढचं नाकारता येत नाही. दोनदा वाटलं, दोनदा नाकारता आलं नाही. हे कोणाच्या खात्यावर लिहायचं, यावर विचार केला. देवाच्या.

९ फेब्रुवारी, रविवार

बोटाला टोचून घरच्या घरी साखर बघायचं यंत्र आहे. त्यात घालायच्या पट्ट्या महाग, म्हणून ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशीच लावते. आज बरं वाटत होतं. २४१.

हात धुतलेले नसतील. धुवून दुसरी पट्टी लावायची म्हणजे उधळपट्टी. तो आकडा धरला नाही.

पण मनात आलं ते लिहिते. दहा-दहा हजार पावलं चालून साखर उतरत नाही, याचा अर्थ सरळ आहे. मी त्या दुसऱ्या प्रकारची आहे. ढिम्म प्रकारची. माझ्या रक्ताला चालणं मानवत नाही. आईकडून आलं असणार. नाहीतर वडिलांकडून, तेही कुठे चालत असत.

निश्चय: रिपोर्ट आला की तो घेऊन नाकातल्या डॉक्टरांकडे जायचं. म्हणायचं, बघा, यात लिहिलंय. माझा दोष नाही. सुईची भाषा बंद.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं, चालणं लागू पडत नसेल तर सुई उलट लवकर येईल. ह्यांना तर्क म्हणून काही कळत नाही. शिवाय बोलताना दातात अडकलेलं बोटाने काढत होते. किळस आली, उठून गेले. ताटातला भात तसाच टाकला होता ह्यांनी. ह्यांच्या खात्यावर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

धाकटीच्या अंगावरचे कपडे ढगळ झालेत. मिरवायला आली होती. कंबरेत दोन बोटं घालून दाखवते, ताई, बघ ना! मी कशाला बघू? घामाचा वास येत होता. बागेतून थेट आली होती, त्याच नारिंगी बुटांनी. दारात काढायला लावले.

मी तिला जनुकांचं समजावलं. म्हटलं, दोघींचे आईवडील एकच, पण वाटणी सारखी होत नाही. घरी साय आली की तुझ्याच वाटीत जायची, आठवतं? तसंच हे. चांगली सगळी तू घेऊन बसलीस, मला उरलीसुरली.

ती हसायला लागली. म्हणाली, ताई, साय तू खायचीस. मला साय बघून उलटी यायची.

माणसाची स्मरणशक्ती साखरेने जाते, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

जाताना म्हणाली, रविवारी तरी ये. मी तुझ्यासाठी हळू चालेन. दया दाखवत होती. मी पट्टा पुढे केला. तिची आठ हजार, माझी अकरा. माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, पट्टा उजव्या हातात का ग?

मी म्हटलं, तुला आता हातही सांगणार का?

३ मार्च, सोमवार

पाय सुजलेत. दिवसभर बसून सुजतात तसे. पण मी तर चालते. अति चालण्यानेही सूज येत असावी. उद्यापासून एक माळ कमी करायची का? नको. जमा कमी दिसेल.

१५ मार्च, शनिवार

संशोधनवाल्यांचा फोन! नळीवाल्या बाई. म्हणाल्या, काकू, पट्ट्यातले तुमचे आकडे आमच्याकडे येतात, सगळ्या गटात तुमची पावलं सर्वांत जास्त आहेत.

दोनशे बारा माणसांत!

मग म्हणाल्या, एक विचारू का? तुम्ही दहा हजार पावलं चालता तेव्हाही तुमची नाडी अडुसष्टच्या वर जात नाही. हे कसं?

मी म्हटलं, मनःशांती.

त्या म्हणाल्या, बरं. लिहून घेत असणार.

३१ मार्च, सोमवार

रक्त दिलं. सुई टोचली तेव्हा मी भिंतीकडे बघितलं नाही. समोर बघितलं. समोर कचऱ्याचा डबा होता, त्यात रक्ताळलेले कापसाचे बोळे. भिंत बरी होती.

धाकटीनेही दिलं. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसून सफरचंद खात होती. अर्धं मला दिलं. अर्धं तिच्या खात्यावर.

३ एप्रिल, गुरुवार

धाकटी ७.१.

मी ९.४.

देवा.

दुपारी

पहिला धक्का ओसरला. आता उलट सगळं स्पष्ट झालं. सर्वांत जास्त चालले आणि साखर वाढली. ढिम्म नव्हे, उलट्या प्रकारची आहे मी. असं माणूस शोधूनही सापडणार नाही. ही माझी कसोटी नव्हे, विज्ञानाची आहे.

आणि फोन आलाच! सोमवारी बोलावलं आहे, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः. म्हणाल्या, तुमची केस वेगळी आहे, जनुकांचा रिपोर्टही देऊ, आणि थोडं समोर बसून बघायचं आहे. यजमानांना आणलंत तरी चालेल.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, मलाही सोमवारीच बोलावलंय. हिला सगळीकडे वाटा लागतो.

६ एप्रिल, रविवार

उद्या काय बोलायचं ते लिहून काढलं.

एक. मी सामान्य बाई आहे, यात माझं काही नाही.
दोन. माझं नाव छापलं तर माझी हरकत नाही.
तीन. माझ्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या सुया वाचाव्यात.

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, तिसरं चांगलं आहे. मग म्हणाले, पण आधी तुझी सुई तरी वाचू दे. ह्यांचा चेहरा हसरा नव्हता. का कोण जाणे, मलाही पुढे वाचवेना. कपड्यांना इस्त्री केली.

७ एप्रिल, सोमवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण वही माझी आहे आणि वहीत मी कधी खोडाखोड केलेली नाही.

दुसरा मजला. त्याच खोलीत, जिथे थुंकलो होतो. वास अजून तोच. डॉक्टरीणबाई, नळीवाल्या बाई, मी, हे, धाकटी.

आधी जनुकांचे रिपोर्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या बाबतीत आनंदाची बातमी आहे. व्यायाम केला की साखर चांगली उतरावी, असाच कल दिसतोय. आमच्या गटातल्या चांगल्या पंधरावीस जणांत तुम्ही आहात.

मी म्हटलं, कागद बदलला असेल. हा बहिणीचा असेल.

म्हणाल्या, नाही, बहिणीचा हा. त्यांचा कल कमी आहे. खरं तर त्यांना व्यायामाचा साखरेवर फार फरक पडेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. म्हणूनच त्यांनाही बोलावलं. पण त्यांनी चालणं सोडलं नाही, वजन उतरवलं, खाणं बदललं. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, कल म्हणजे निकाल नव्हे.

धाकटी काय म्हणाली? म्हणाली, अगंबाई, असं होय! मग मला आणखी थोडं चालायला लागेल. बस्स. एवढंच. चिडली नाही, रडली नाही. तिची वाईट जनुकं आणि तिचा हसरा चेहरा बघून माझ्या घशात आंबट आलं.

मी म्हटलं, पण माझी पावलं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचंच कोडं आहे आम्हाला. सकाळी पाच ते सात तुम्ही सर्वांत जास्त चालता. अगदी एका लयीत. मध्ये कुठे थांबत नाही, वळत नाही. त्या वेळी काय करता, ते इथे करून दाखवाल का?

मला कसलीच शंका आली नाही. खुर्चीत बसले. पिशवीतून माळ काढली. डोळे मिटले. एक मणी, मांडीवर एक थाप.

मला वाटलं, वातावरण पवित्र झालं.

डोळे उघडले तर माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर माझ्या पट्ट्याचा आकडा होता. मी थाप मारली, तो एकाने वाढला. थाप, एक. थाप, एक. थांबले, थांबला.

नळीवाल्या बाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेल्या. थुंकायला नव्हे.

हे म्हणाले, बारा आठवडे ही बसल्याबसल्या देवाच्या दारापर्यंत चालत गेली, आणि परत आलीच नाही.

ह्यांच्या बोलण्यावर हसलं मात्र कोणीच नाही. धाकटी तर मुळीच नाही. ती माझ्याकडे जशी बघत होती, तसं आईने बघितलं असतं, दिसत असतं तर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि खाणं? मी अभिमानाने वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. म्हणाल्या, हे 'ह्यांच्या खात्यावर', 'धाकटीच्या खात्यावर', 'देवाच्या खात्यावर' म्हणजे काय? मी नियम सांगितला. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग एवढंच म्हणाल्या, काकू, ते खाल्लं कोणी?

मला उत्तर माहीत होतं. वही परत पिशवीत घातली.

माझं नाव त्यांच्या अभ्यासातून काढणार आहेत. माझे आकडे धरता येत नाहीत म्हणे. दोनशे अकरा राहिले.

लिहून नेलेलं ते एक-दोन-तीन पिशवीतच राहिलं. कागद पाठकोरा आहे, यादीला होईल.

९ एप्रिल, बुधवार

नाकातल्या डॉक्टरांनी सुई लिहून दिली. आजपासून. म्हणाले, बाई, ही काही शिक्षा नाही. नीट चाललात, खाणं सांभाळलंत, तर मात्रा कमी करता येईल, कदाचित बंदही. तुमचं रक्त चांगलं आहे. नाकातून का होईना, चांगलं बोलले.

हातात सुई घेऊन अर्धा तास बसले. आईला चार वर्षं टोचलं, एकदाही चुकले नाही. स्वतःला टोचायचं म्हटल्यावर पोटाची चिमूट धरवेना. स्पिरिटचा वास सगळ्या खोलीभर. हे दारात उभे राहिले, पांढरे पडले आणि आत गेले.

धाकटी आली. बूट दारात काढले, सांगावं लागलं नाही. हात धुतले. म्हणाली, धर चिमूट. मी म्हटलं, तुला येतं? म्हणाली, तू आईला टोचायचीस तेव्हा मी दाराआडून बघत असायचे, ताई. आत यायचा धीर नव्हता, एवढंच.

मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

झालं. कळलंही नाही. आईला कळत असेल का, ते आता कोणाला विचारणार.

मग तिच्याबरोबर बागेत गेले. घड्याळ काढून कपाटात ठेवलं. धाकटीने तिचा पट्टा माझ्या डाव्या हातात बांधला. थुंकी तिथेच, कुत्र्यांचं तिथेच, नाक शिंकरणारे गृहस्थही तिथेच. वारा आज त्यांच्या बाजूला होता. अडीच फेऱ्या. दम लागला, बाकावर बसले. मोजा अजून तिथेच आहे, आता वाळलाय.

नाडी ११८. मनःशांती शून्य.

घरी आले. ह्यांच्या कपात तळाशी दोन घोट राहिले होते. उभी राहिले. बघितलं. मोरीत ओतवेना.

जमा: १,०६२ पावलं. पायांची.
खर्च: साखरेचा चहा, दोन घोट. एक माझ्या खात्यावर लिहिला.